योगराजला जळवण्याचा खर्च

४ जानेवारी, जळगाव
मालदीव पक्कं. अकाउंटन्सी शिक्षक, दोन वर्षांचा करार. आज कॉलेजात निरोप समारंभ. योगराज देवरे भाषणाला उठला. हा धुळ्याचा. मला ज्युनिअर. तरी पर्यवेक्षक तोच झाला, कारण तो सगळ्यांशी हसून बोलतो. म्हणाला, "गिरधर सर हिशोबात पक्के. पण घरच्या जेवणाशिवाय महिना काढणं त्यांच्या हिशोबात बसायचं नाही." स्टाफरूम हसली. शिपाई हसला. मीसुद्धा हसलो, ते वरवर. आत शपथ घेतली. हा माणूस जळून कोळसा झाला पाहिजे.

९ जानेवारी
पहिल्या महिन्याचं बजेट तयार. भाडं, जेवण, फोन, बचत. 'अचानक खर्च' ही बाब ठेवलेली नाही. ज्याचं नियोजन कच्चं, त्यालाच अचानक खर्च येतात. त्या जागी नवी बाब: 'योगराज'. जळवायचं तर थोडा खर्च येणारच.
सुलक्षणाने कागद पाहिला. "भाजीपेक्षा योगराज सरांना जास्त पैसे कसे?" बायकोने कॉमर्स केलेलं नाही.
फैजपूरहून वडिलांचा, आबांचा फोन. बरोबर केळी देऊ का? म्हटलं, आबा, बेटावर केळीच केळी असतील.

१३ जानेवारी, मालदीव
विमान ठीक. नंतर स्पीडबोट. बोटीत ओकलो. बाकी प्रवास सुखाचा.
खोली छान. घरमालक दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतो. म्हणे करारात तिसऱ्या पानावर होतं. मी पहिलं पान वाचलं होतं. पगार त्यावरच होता.
'बचत' तात्पुरती स्थगित.

१५ जानेवारी
किराणा. इथे मासे सोडले तर सगळं बोटीने येतं. आणि मी मासे खात नाही. वांगं हातात घेतलं, भाव ऐकला, खाली ठेवलं. मग केळी. चार केळ्यांच्या पैशात आमच्याकडे घड येतो, आणि वर चहा पाजतात. एक घेतलं. अर्धं सकाळी, अर्धं रात्री.
आबांना कळवायचं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार, सुट्टी
मोहीम सुरू! शेजारच्या बेटावरच्या रिसॉर्टचा डे-पास काढला. महाग. पंधरा दिवसांचं जेवण गेलं म्हणा. पण फोटो असा आलाय की बस. आरामखुर्ची, निळं पाणी, हातात शहाळं. (शहाळं बाजूच्या बाईंचं. फोटो झाल्यावर परत दिलं.) स्टाफच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ: "शाळा सुटल्यावर रोजचंच."
सगळ्यांचे अंगठे आले. योगराजने लिहिलं, "सर, जेवनात का?"
अहिराणीत टोमणा. जेवलो नव्हतो. याला कसं कळलं?

२३ जानेवारी
दुसरा वार. जळगावच्या मिठाईवाल्याला फोन करून स्टाफरूममध्ये दोन किलो काजूकतली पाठवली. "मालदीवहून सप्रेम." पैसे सुलक्षणाने भरले. तिने पावतीचा फोटो पाठवला, रकमेभोवती लाल गोल.
संध्याकाळी चौकशी केली. बॉक्स योगराजने फोडला, योगराजने वाटला, सगळ्यांनी योगराजचे आभार मानले.
मी भात आणि लोणचं खाल्लं. लोणच्यातलं तेल पुरवून वापरायचं.

२८ जानेवारी
प्रिन्सिपल मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, वर्क परमिटचं कार्ड आलं की बँकेत खातं, खातं झालं की पगार. म्हणजे फेब्रुवारीअखेर, दोन्ही महिन्यांचा एकदम. मी "नो प्रॉब्लेम" म्हणालो. इंग्रजीत उपाशी राहणं सोपं वाटतं.
सुधारित बजेट. जेवण: एक वेळ. 'योगराज'ला हात लावलेला नाही. तो तत्त्वाचा प्रश्न आहे.

४ फेब्रुवारी
सुलक्षणाचा फैजपूरहून व्हिडिओ कॉल. "गाल कुठे गेले?" म्हटलं, कॅमेरा असाच आहे. "तुम्ही काय खाऊन राह्यले ते खरं सांगा." म्हटलं, कॉन्टिनेंटल. तिने फोन आबांकडे दिला. आबा म्हणाले, "ये बरं घरी."
येणार नाही. स्टेशनवर योगराज हार घेऊन उभा असेल.

६ फेब्रुवारी
ट्रायल बॅलन्स शिकवत होतो. डेबिट बाजू दिसली, क्रेडिट दिसेना. डोळे उघडले तेव्हा आरोग्य केंद्रात होतो. नर्सने विचारलं, शेवटचं जेवण कधी? म्हटलं, डाएट चालू आहे. तिने सलाइन लावलं.
संध्याकाळी वर्गातल्या मुलींच्या आयांनी डबे पाठवले. बिनमाशाचे, आठवणीने. खाताना डोळ्यांत पाणी आलं. मिरची असावी.

१६ फेब्रुवारी
विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आहे! मॅडमनी उद्या बोलावलंय. विभागप्रमुख म्हणजे पर्यवेक्षकाचा बाप. शर्टाला इस्त्री केली. ग्रुपवर टाकायचा मजकूरही तयार ठेवला. योगराज, आता बोल.

१७ फेब्रुवारी
मॅडमना माणूस मिळाला. "तुमच्याच कॉलेजचे आहेत. मुलाखतीत म्हणाले, गिरधर सरांचे फोटो पाहून ठरवलं."
तयार मजकूर पुसला.
लगेच योगराजचा फोन. "सर, तुमनामुळे बठ्ठं जमनं, सगळं जमलं. मोठीला नर्सिंगला घालायचंय, इथल्या पगारात जमत नव्हतं. तुमचा हसरा फोटो पाहिला आणि धीर आला." मी एक शब्दही बोलणार नव्हतो. त्याने विचारलं, "येतांना काय आनू?" तेव्हा मात्र बोललो. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, काळा मसाला, शेंगदाणे, उडदाचे पापड. बरंच बोललो. तो लिहून घेत होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
धक्क्यावर जाणार नव्हतो. गेलो. योगराज बोटीतून हसत उतरला. ओकला नाही.
बेटावर दुसरी खोली मोकळी नाही. माझ्याच खोलीत राहणार. भाडं अर्धं, डिपॉझिटचा निम्मा वाटाही त्याने आपणहून काढून ठेवला. त्याचा स्वभाव असा मुद्दाम चांगला आहे.
बॅगेतून आधी पीठ काढून त्याने स्टोव्ह पेटवला. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी पाचवी भाकरी घेतली तेव्हा तो म्हणाला, "सर, उद्यापासून आठवड्याचं पाठ-टाचण मला दाखवत जा हां. फक्त फॉर्मॅलिटी शे."
मी "हो सर" म्हणालो. तोंडात भाकरी होती. त्याला नीट ऐकू गेलं नसावं.