दुपारी खोली रिकामी

अबू हमूर, दोहा
६ जुलै २०२५

चि. कैवल्य यास अ. आ. वि. वि.,
आम्ही मजेत. तुझ्या चांदीच्या नॅनोकणांच्या मेमरी-चिप्स काही लक्षात ठेवतात का, की ताईचा वाढदिवस त्याही विसरतात?

मला ऑफिसची शिसारी आली आहे, स्वतःची त्याहून जास्त. कामगारांच्या राहण्याच्या इमारतीचा आराखडा ठरतोय. खोल्यांची तोंडं कुठे ठेवायची ते सॉफ्टवेअर सुचवतं. त्यानं दुपारचं ऊन झेलणारी पश्चिम पहिली काढली, कारण ‘दुपारी खोली रिकामी’ असं त्याच्या रकान्यात सवयीनं मीच भरलं. इथे उन्हाळ्यात भरदुपारी बाहेरचं काम बंद असतं. माणसं तेव्हाच खोलीत येतात! साहेबांना, रमीजना, सांगितलं. क्लायंटला दाखवून झालंय, खलास, म्हणाले. गुरुवारी माझी सही हवी आहे. काय करू?

तुझी,
उल्काताई

पुणे
८ जुलै

ती. ताईस सा. न.,
मेल मिळाला. वाढदिवस विसरलो, कान पकडले. ताई, सही करून टाक. खोल्यांत एसी असतोच ना? माझ्या चाळीस चिप्सपैकी सदतीस आठवडाभरात सगळं विसरल्या. सरांनी उरलेल्या तीनच चिप्स रिसर्च पेपरात घ्यायला सांगितल्या, मी घेतल्या. सगळे तेच करतात. उगाच नोकरी घालवू नकोस. रागावलीस तरी लोभात काटछाट नको.

तुझा,
कैवल्य

दोहा
१५ जुलै

चि. कैवल्य,
सदतीस चिप्स लपवल्यास? कुठे शिकलास रे हे?

मी सही केली नाही. रमीजसाहेबांनी दोन दिवस तोंड फिरवलं, मग माझ्या सहीशिवाय आराखडा पुढे जाईना म्हणून खोल्या उत्तरेकडे वळवल्या. मी खूश होते. काल क्लायंटच्या बाबू नावाच्या इंजिनिअरांनी गेल्या वर्षी बांधलेली इमारत दाखवायला नेलं. तोही आराखडा माझाच, तो रकानाही मीच तसाच भरलेला.

दुपारी तीनला पोचलो. पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापली होती, एसीचा तिच्यापुढे टिकाव लागत नव्हता. सहा माणसं ओले टॉवेल अंगावर टाकून फरशीवर पडली होती. मला स्वतःची किळस आली. ती इमारत आता फिरवता येत नाही. एकजण उठला, मला सावलीची जागा दिली, पाणी दिलं आणि विचारलं, मॅडम कोण? मी पाहायला आलेय म्हटलं. आराखडा कुणाचा, ते माझ्यानं सांगवलं नाही.

या वेळी लोभ मागायची लाज वाटते.

उल्का