शेवटचा चढ

मलकपेठ, हैदराबाद
१६ डिसेंबर

प्रिय किशोरदादा,

नमस्कार. रागातच करते आहे, पण करते. आई बरी आहे. वहिनीने दिलेला चिवडा डब्यात तसाच आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, लगेच रडायला लागतोस, म्हणून पत्र.

पेपरातला फोटो वहिनीने सगळ्या नातेवाइकांना पाठवला म्हणे. ‘बहिणीसाठी धावला भाऊ.’ वा रे वा! अपंगांची ट्रायथलॉन, पोहले मी, हातांनी सायकल मारली मी, चाकांची खुर्ची पळवली मी, आणि फोटोत कोण? तू! मी कोपऱ्यात, अर्धी कापलेली.

आदल्या दिवशी तुला बजावलं होतं की वाटेत कुणी हात लावला तर स्पर्धक बाद. तू म्हणालास, "अगं, मला कळत नाही का?" आणि शेवटच्या चढावर माझी खुर्ची जरा थांबली काय, दोरी ओलांडून आलास आणि दिलीस ढकलून! लोक टाळ्या पिटत होते. पंचबाई आल्या, "सॉरी अम्मा" म्हणाल्या आणि माझा नंबर काढून घेतला. वर्षभराच्या मेहनतीवर पाणी ओतलंस.

संयोजकांनी तरीही गळ्यात पदक घातलं. म्हणाले, "मॅडम, मदतनिधी जमवण्यासाठीच तर आहे सगळं, नियमांचं काय एवढं!" मी ते तिथेच काढून परत दिलं. तेव्हा तू काय म्हणालास? "घे की गं, काय बिघडतं?" ते जास्त लागलं मला.

पोलिओनंतर तू मला पाठुंगळी घेऊन शाळेत न्यायचास, विसरले नाही मी. पण चाळिशीला आले रे! अजून पाठीवरच का?

आता जे टाळत होते ते लिहिते. तुझा हात लागला तेव्हा मला बरं वाटलं. खांदे भरून आले होते, चाकं मागे येत होती. मनात आलं, सुटले बाई. संताप त्याचाच आहे. माझं मला जमलं असतं की नाही, हे तू मला कळूच दिलं नाहीस.

म्हणून काल पहाटे ऑटोत खुर्ची टाकून त्याच चढावर गेले, एकटी. मधेच घसरले. चाकं घट्ट धरली, तळहात सोलले. फिरायला आलेले एक चाचा धावत आले. मी ओरडले, "नक्को! हात नक्को लगाओ!"

ते थांबले. दादा, परका माणूस, पण थांबला. मी वर पोचेपर्यंत हात मागे बांधून उभे होते. मग म्हणाले, "हौ, चढ गए ना बेटा!" मी तिथेच ढसाढसा रडले.

पुढच्या वर्षी पुन्हा नाव देणार आहे. तू ये. दोरीच्या पलीकडे उभा राहा, हवं तेवढं ओरड, पण हात खिशात ठेव. तेवढं जमणार नसेल तर पुण्यातच थांब.

तुझ्या पाठीवरून उतरलेली,
रसिका