तपासणीच्या दिवशी राउंड कोणी घेतला

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच पोचला असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची कुरकुर? मी ठीक आहे, म्हणजे आमच्या दवाखान्यात ज्याला ठीक म्हणतात तसा.

नवे डॉक्टर गावाकडेच शिकवून तयार करायच्या योजनेचं तुला मागे कळवलंच होतं. अनुदान मिळालं तर शिकाऊ डॉक्टर इथे येतील. नाही मिळालं तर माझ्यानंतर पंचक्रोशीने दवाखान्याचं कुलूप बघायचं. अटी दोनच: खाटा भरलेल्या हव्यात आणि शिकवायला ज्येष्ठ डॉक्टर हवा. आता आमची माणसं मरायला टेकल्याशिवाय खाटेवर येत नाहीत, आणि माझी पदवी अगदीच बेताची. मग सगळे करतात तेच केलं. धडधाकट शेजारी चादरी पांघरून निजवले. शिंप्याच्या पायाला प्लास्टर घातलं (जरा जास्तच झालं, उत्साह दुसरं काय). ज्येष्ठ डॉक्टर म्हणून निवृत्त हेडमास्तरांना पांढरा कोट चढवला. तपासणीला आलेल्या समितीची गाडी फाटकात शिरली आणि कोट खुंटीला टांगून हेडमास्तर मागच्या दाराने पसार! माझी पाचावर धारण बसली.

चहा पाजून वेळ काढला आणि देवाचं नाव घेत समितीला वॉर्डात नेलं, तर राउंड सुरू झालेला! तोच कोट घातलेले एक म्हातारे डॉक्टर शिंप्यावर वाकलेले. प्लास्टरकडे ढुंकूनही न बघता त्यांनी स्टेथोस्कोपची तबकडी आधी काखेत धरून गरम केली, मग त्याच्या छातीला लावली. ताई, असं आपल्या घरात कोण करायचं ते तुला सांगायला नको. आप्पांना आपणच स्मशानात पोचवून आलो, तेही सांगायला नको. समितीला काय त्याचं! अध्यक्षबाई शाळकरी मुलीसारख्या मान डोलवत मागे मागे. शिंप्याच्या हृदयाची झडप बिघडलेली, गिरणीवाल्याच्या फुप्फुसात पाणी, न्हाव्याचं यकृत सुजलेलं. सोंग घेऊन निजलेल्यांत एकही निरोगी निघाला नाही. मी नंतर स्वतः तपासलं, सगळं खरं. शिंपी मला शिव्या घालतोय, की आलो तेव्हा चांगला होतो, तुम्हीच आजारी पाडलंत.

हे पत्र भाऊजींना दाखवू नकोस, ते मला आधीच अर्धवट समजतात. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. अनुदान मंजूर झालं. फक्त "ते ज्येष्ठ डॉक्टर" पहिल्या दिवसापासून हजर हवेत, असं समितीने बजावलंय. आप्पांची हजेरी मी कशी लावू? तुझी पदवी माझ्याहून मोठी, तू निवृत्त, आणि शहरात डॉक्टरांना काय तोटा! सामान घेऊनच ये.

आणखी एक. हे आधी लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलंच नसतंस. समितीची गाडी गेल्यावर आप्पांनी मलाही खाटेवर निजायला लावलं. बराच वेळ ऐकत राहिले. मी विचारलं, "काय आहे, आप्पा?" त्यांनी नुसता डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताईला लिही." ताई, मला भीती वाटतेय गं. लवकर ये.