एका मोबाईलवर एकच अर्ज

ती. सौ. इंदुताईस,

धाकट्या प्रणितचा गडचिरोलीहून नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल. माझी तब्येत ठीक, तोंड मात्र दाखवण्याजोगं राहिलेलं नाही. फोन न करता गोपालभाऊ कंडक्टरच्या हाती पत्र देतो आहे, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि भोवती गावातल्या बावीस जणी.

मोहफुलं झेलायला झाडाखाली बांधायच्या सरकारी जाळ्यांचा ऑनलाइन अर्ज मीच बनवला, हे तू आरमोरीच्या बाजारभर सांगितलंस. तो चालतो कसा ते आता ऐक. राइस मिलची धान घ्यायची खिडकी असते ना, तसा अर्जाचा दर्शनी भाग, म्हणजे व्ह्यू. पोतं कुठं न्यायचं ते ठरवणारा माणूस म्हणजे कंट्रोलर. आतली चाळणी आणि कोठी म्हणजे मॉडेल. चाळणीतून उतरलं नाही ते कोठीत जात नाही. ही चाळणी मी फार हौसेनं बारीक केली: एका मोबाईलवर एकच अर्ज. (साहेबांनी पाठ थोपटली. मीही जरा वाकून दिली.)

रविवारी तू आनंदानं फोनवर म्हणालीस, "साऱ्याईचे अर्ज झाले रे, लाल अक्षरात पावती भी आली." सोमवारी मला एकाच नंबरावरून तेवीसदा अर्ज भरायचा प्रयत्न झाल्याची नोंद दिसली. कोणी बाई एकटीच तेवीस जाळ्या लाटते आहे, असं मी ऑफिसभर सांगत फिरलो. मग नंबर नीट पाहिला. मला पाठ असलेला तो एकच नंबर आहे, ताई.

गावात रेंज तुझ्या ओसरीवरच. गुणाबाईच्या पोरीचा फोन तुझ्याकडे, सोमारीबाईला दवाखान्याचा निरोपही तुझ्याकडे. मग अर्जात दुसरा कोणाचा नंबर असणार? ती लाल अक्षरं पावतीची नव्हती, अर्ज नाकारल्याची होती. तुझा पहिला अर्ज तेवढा कोठीत गेला, बावीस जणींची नावं कुठंच राहिली नाहीत.

मला शाळेत घालताना जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. "धान कापणीत झाला," असं तू सांगितलंस आणि गुरुजींनी तारीख लिहून मला आत घेतलं. माझ्या प्रोग्रामनं मला दारातूनच परत पाठवलं असतं. याची मला फार लाज वाटते.

तुझा,
प्रणित

ता. क. नियम आज काढला. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. बावीस नावं कागदावर लिहून गोपालभाऊजवळ दे, मी स्वतः भरतो, तुझाच नंबर टाकून. बायांना काय सांगायचं ते तूच ठरव.

ता. क. २. तक्रारीचा अर्जही मीच बनवला आहे. तिथं मात्र एका मोबाईलवर एकच हा नियम राहू दिला आहे. तेवीस जणींचा राग मला झेपायचा नाही, तुझा एकटीचा पुरे.