तिने घेतलेलं माझं नाव

केदारखेडा, मार्च २००४, मंगळवार

संध्याकाळी शाळेत मतदानाचं नवं मशीन दाखवलं. मास्तरीणबाई बायकांना म्हणाल्या, अधिकाऱ्याने विचारलं की नवऱ्याचं नाव स्पष्ट सांगा. सगळ्या पदराआड हसल्या. शेजारची कौसाबाई मला म्हणाली, "भाऊजी, सुमनआक्का तुमचं नाव बराबर सांगायची. आमच्या मालकाचं नाव तर रांगेतली मागची बाई सांगायची."

खरंय. सुमन घरात 'अहो'च्या पुढे कधी गेली नाही, पण मतदानाच्या टेबलापुढे माझं पूर्ण नाव घ्यायची. मी पुरुषांच्या रांगेतून ऐकायचो. तेवढ्यासाठीच तिच्याबरोबर जायचो का? बहुतेक.

ती गेल्यानंतरची ही पहिली निवडणूक. मत देईन. घरी येऊन माझं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. तिच्यासारखं आलं नाही.