काजलच्या लग्नात बुंदी काऊन कमी पडली

हिंगणी,
लग्नाच्या तिसऱ्या दिवशी

तीर्थस्वरूप अण्णाजीमामा,

तुमच्या दोन्ही पायांले (प्लास्टरमधल्या अन् बाहेरच्या) भाचीचा नमस्कार. साष्टांग घालणार होती, पण मी खुर्चीवरून जराशी वाकली तरी चार जण उचलायले धावतात, म्हणून लांबूनच मानून घ्या. प्लास्टरच्या आत खाज सुटते का? मामी पट्टी घालून खाजवू देते का नाई? अख्खं पवनार येऊन "आता नुसतं बसून राहा, काई करू नका" म्हणून राह्यलं असंल. डोकं फिरलं असंल तुमचं! मामा, मी तर ते वाक्य लहानपणापासून ऐकून राह्यली. म्हणून हे सगळं तुम्हालेच सांगायचं. (फोनवर मामी मधेच घेते अन् "कशी हायेस माय" म्हणून रडायले लागते. म्हणून पत्र.)

तर, काजलचं लग्न. घरात ज्याले त्याले काम होतं. उभ्या-उभ्या झोपणाऱ्या प्रेमदासकाकालेही चपला राखायले बसवलं होतं. अन् मले? "तू फक्त बस." नवी साडी नेसवून मले मंडपाच्या कोपऱ्यात कूलरसमोर ठेवलं. (हो, ठेवलंच. बाजूले आहेराची भांडी होती.) सख्ख्या लहान बहिणीचं लग्न अन् मी पाहुणी! जीव नुसता तळमळून राह्यला होता. शेवटी मुकेशले पकडलं. आपला भाऊ वाढप्यांचा मुख्य, खांद्यावर दुपट्टा टाकून असा फिरत होता जसा काई कलेक्टर. म्हटलं, मले बादली दे. तो म्हणे, गरम वरण पायावर सांडलं म्हणजे? म्हटलं, मग बुंदी दे, बुंदी काई भाजत नाई. पोट्ट्यानं डोकं खाजवलं, अन् भलं होवो त्याचं, कोणालेच विचारलं नाई. पंगतीच्या पट्ट्या ओढून माझी खुर्ची जाईल एवढी वाट केली, बादली माझ्या मांडीवर दुपट्ट्यानं बांधली, अन् आचाऱ्याकडून लांब दांड्याची पळी आणून दिली.

मामा, काय सांगू! वाढपी आला की माणूस पत्रावळीवर हात आडवा धरते ना? माझ्यासमोर एकही हात राह्यना. "बिचारी, एवढी खपून राह्यली, हिले नाई कसं म्हणावं?" पयले मले असा राग आला! मग ध्यानात आलं, अरे, हे तर हत्यारच हाये. जो "बिचारी" म्हणंल त्याले दोन पळ्या. जो चुकचुक करून म्हणंल त्याले तीन. नवरदेवाचे मोठे बाबा, ते पुलगावचे मिशावाले, तर मान हलवत, डोळ्यांत पाणी आणून खात होते. (पाणी दयेचं होतं का बुंदीचं, देव जाणे.) मी नुसती सुटली होती. एकाचा मठ्ठ्याचा गिलास चाकाखाली गेला. एक म्हातारी तेवढी शहाणी, तिनं विचारलं, "पोरी, या गाडीले ब्रेक हाये ना?"

अन् बायकांची पंगत बसली तं बुंदी खलास! समोर विहीणबाई, अन् कढईत नुसता पाक. बाबांचं तोंड एवढुसं झालं. देवकाबाई आत्यानं मुकेशले धरलं अन् असा झापला की बँडवाले थांबले. मी पुढं जाऊन म्हटलं, "आत्या, मी संपवली." आत्याचा चेहरा लोण्यासारखा पाघळला. "जाऊ दे माय, तुझं काय चुकलं," म्हणे, अन् परत मुकेशले झापायले लागली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक माझी अन् बोलणी त्याले? या घरात माझी तेवढीही किंमत नाई? खुर्ची आत्याच्या वाटेत आडवी घातली अन् ओरडली, "मुद्दाम कोंबली मी लोकांइच्या पत्रावळीत! मले काऊन बोलत नाई?"

तेव्हा कुठं फुटली आत्या. "भवाने! नाक कापलं ना आमचं! अक्कल गहाण ठेवली होती का? जाय त्या चुलीपाशी, अन् नवी बुंदी झाल्याबिगर उठू नको तिथून!" शेवटचं वाक्य तोंडातून निघालं अन् तिनं जीभ चावली. मले म्हणे, उठू नको! पयले मी हासली, मग विहीणबाई हासल्या, अन् मग आत्या हासता-हासता रडायलेच लागली. मी चुलीपाशी गेली, पाक हलवला, साडीची वाट लावली. विहीणबाईनं गरम बुंदी दोनदा मागून घेतली. मामा, जन्मातली पयली झाप, अन् तेही वऱ्हाड्यांसमोर! आनंदानं मी नुसती वेडी झाली होती.

पाय सांभाळजा.

तुमची भाची,
मोहिनी

ता. क. : तुमच्या आचलच्या लग्नात माझ्यासाठी स्टेजवर फुलं लावलेली खुर्ची ठेवते, असा मामीचा निरोप आला. फुलं नवरीले लावा. मले बादली पाहिजे. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहिलं. (पायाचं विचारलं तेही मनापासूनच.)

ता. क. दुसरं : तोपर्यंत तुमचं प्लास्टर निघणार नाई, म्हणजे तुम्हालेही कोणी काम देणार नाई. तुम्ही मठ्ठा घ्या, मी बुंदी घेते. पंगतीतली वाट दोन खुर्च्यांपुरती ठेवायले सांगजा, अन् आचाऱ्याले बुंदी दुप्पट.

ता. क. तिसरं : माझ्याकडून काई चुकलं तर मामीनं मले कोपऱ्यात नेऊन, पाठीवर हात फिरवत समजावायचं नाई. सगळ्यांसमोर झापायचं, आचलले झापते तसं.