कप धुणाऱ्याची सोय

मी, उंदीर कसे शिकतात हे बघण्यात हयात घालवलेली निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहितेय. डॉक्टरांचा दाखला जोडलाय. ‘शुद्धीत’ या शब्दावर माझे पहिले साक्षीदार कालच हसले. "आयुष्यभर जाणीव मोजता येत नाही म्हणून उडवून लावलीत, आणि आता तिच्याच जोरावर घर वाटताय?"

मी म्हटलं, "कायद्याला चालते. मला नाही."

हे साक्षीदार म्हणजे आमच्याच विभागातले एक प्राध्यापक; मी त्यांना जाणीववाले म्हणते. त्यांचं म्हणणं, आपण शिकतोय हे कळल्याशिवाय माणूस शिकत नाही. माझं म्हणणं, शिकतो, रोज शिकतो. या एका वाक्यावर भांडत आम्ही दोघं म्हातारे झालो.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. जावयाने स्वयंपाकघराची भिंत पाडून मोठा हॉल करू नये. ओटा आहे तिथेच राहील. कारण पुढे येतंय.

२. उंदरांचा लाकडी चक्रव्यूह विभागाला. उंदरांच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसवणाऱ्या विभागप्रमुखांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. आले तर मागे बसवावं.

३. भर परिषदेत मागच्या रांगेतून "बाई, उंदराला विचारलंत का?" असं ओरडल्याबद्दल जाणीववाल्यांना माफ केलं. कारण उत्तर मी तेव्हाच द्यायला घेतलं होतं.

४. ते उत्तर असं. विभागात आमचं दोघांचं टेबल एकच होतं आणि जाणीववाले चहाचा कप तसाच खरकटा टाकून जायचे. सांगून काही फरक पडेना. मग मी ठरवलं, त्यांनी कप धुतला की पेन खाली ठेवायचं आणि त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचं. नाही धुतला, तर मान खाली घालून पेपर तपासायचे. सत्र संपायच्या आत ते माझाही कप धुवायला लागले. आजही संध्याकाळी घरी येतात, चहा पितात, उठून दोन्ही कप धुतात आणि मगच वाद घालायला बसतात. स्वतःला टापटिपीचे समजतात. आपण शिकलो याचा त्यांना पत्ताच नाही.

५. आता खरं काम. बक्षीस थांबलं की सवय विझते, हे मीच शिकवत आले. मी गेल्यावर ते येतील, नेहमीसारखे ओट्यापाशी कप धुतील, मागे वळतील तर समोर कुणी नसेल. मग यायचे बंद होतील. त्यांचं ऐकणारं दुसरं घर नाही. तेव्हा मुलीने त्यांना चहा द्यावा, आणि कप धुऊन झाले की मोबाइल बाजूला ठेवून ऐकावं. रोज नको, अधूनमधून. तशी सवय जास्त टिकते.

मुलगी म्हणते, "आई, काका काय उंदीर आहेत?"

नाहीत. उंदीर लवकर मुद्द्यावर यायचे.

६. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही. म्हणून जाणीववाल्यांना मी काहीही दिलेलं नाही.

साक्षीदार पहिले: बाई माझ्यासमोर सही करतायत. चौथं कलम वाचलं. दुसऱ्या कपालाच माझ्या लक्षात आलं होतं. पण ऐकून घेणारं दुसरं कोण होतं? म्हणून धूत राहिलो. सही.

साक्षीदार दुसऱ्या: मी, वकील. दोघांचा वाद तासभर ऐकला. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सही.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल. तारीख: सहा मार्च.

लिहून देणारी: पहिल्या साक्षीदारांचं वरचं म्हणणं पुरावा म्हणून धरू नये. मागाहून सगळ्यांनाच सगळं आधीपासून ठाऊक असतं. पण आजचे कप धुऊन झालेत आणि ते बोलायला बसलेत. ही सही केली. पेन खाली ठेवतेय.